खेळ रंगात येताच बंद पडणारा संगणक: नवे कार्ड घेण्याआधी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, सेकंडहँड घेतलेले आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड, ६५० वॅटचा एसएमपीएस (कॅबिनेटमधील सर्व भागांना वीज पुरवणारा डबा), ३६०० वेगाची ३२ जीबी रॅम आणि १ केव्हीएचा यूपीएस असा संच मानेवाड्यातील घराच्या वरच्या मजल्यावर आहे. दिवसभर इंटरनेट, अभ्यास, चित्रपट हे सारे विनातक्रार चालते. मात्र जड खेळ सुरू केला की कधी वीस मिनिटांत, कधी तासाभराने संगणक एकाएकी बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू होतो, आणि एखाद्या वेळी पडदा काळा पडून पंखे पूर्ण वेगाने फिरत राहतात. दुकानदाराने कार्ड गेल्याचे सांगितले आहे, आणि नवे कार्ड घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

आज घेऊ नका. मी नागपुरात अठरा वर्षे संगणक दुरुस्तीचे काम करतो आहे आणि भार आला की बंद पडणारी जी यंत्रे माझ्या टेबलावर येतात, त्यांतील बऱ्याच यंत्रांची कार्डे शाबूत असतात. दोष कार्डाला वीज पोचवणाऱ्या वाटेत कुठेतरी असतो, आणि ती वाट कॅबिनेटमध्ये सुरू होत नाही, भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू होते. सर्वांत महाग भाग आधी बदलायचा आणि तोच दोष नव्या कार्डासह पुन्हा पाहायचा, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की हे उत्तर थोडे लांबले तरी चालेल, असे मला वाटते.

पहिले काम म्हणजे संगणक नेमका कसा बंद पडतो ते पाहणे. त्या क्षणी मॉनिटरचा छोटा दिवाही विझला का? त्याच यूपीएसवर राउटर असेल तर तोही बंद झाला का? यूपीएसमधून ‘टक्’ असा आवाज किंवा बीप ऐकू आली का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दोष कॅबिनेटच्या बाहेर आहे आणि स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याची अजून गरज नाही. मॉनिटरचा दिवा चालू राहिला, फक्त कॅबिनेट मेले, आणि एसएमपीएसच्या मागचे बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केल्याशिवाय यंत्र सुरूच होत नसेल, तर एसएमपीएसच्या संरक्षक यंत्रणेने स्वतःहून वीज तोडली आहे. यंत्र बंद होऊन लगेच आपोआप सुरू होत असेल, तर वीज क्षणभर खाली बसली किंवा प्रोसेसरने स्वतःला रीसेट केले, या दोन शक्यता उरतात. पडदा काळा, पंखे जोरात आणि खेळाचा आवाज मात्र काही सेकंद चालूच, हे लक्षण कार्डाकडे किंवा कार्डाला मिळणाऱ्या विजेकडे बोट दाखवते. आणि नुसता खेळ बंद होऊन आपण डेस्कटॉपवर येत असाल, तर रॅम, वाढवलेले वेग किंवा ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लावणारा प्रोग्राम) यांचा विचार आधी करावा. आपल्याकडे यांतील दोन लक्षणे आळीपाळीने दिसतात, म्हणून प्रत्येक वेळची तारीख, वेळ आणि प्रकार आठ दिवस वहीत लिहून ठेवा. वेळ नक्की लिहा. ती किती महत्त्वाची असते ते पुढे सांगतो.

विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडल्यावर आपल्याला ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दिसेल आणि ती पाहूनच अनेक जण एसएमपीएस गेला असे ठरवून टाकतात. तसे करू नये. संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद झाला नव्हता, एवढेच ती नोंद सांगते. तिच्या तपशिलात ‘बगचेक कोड’, म्हणजे चुकीचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायला सवडच मिळाली नाही, म्हणजे वीज गेली किंवा यंत्र जागच्या जागी गोठले, असा अर्थ होतो. त्याच वेळेच्या आसपास ‘व्हीया-लॉगर’ची (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुका टिपणारा भाग) १८ क्रमांकाची नोंद सापडली, तर प्रोसेसर, त्याचे व्होल्टेज किंवा रॅमचा वाढवलेला वेग यांच्याकडे वळावे. ‘डिस्प्ले’ची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर कार्डाने उत्तर देणे थांबवले होते, विंडोज कार्डाच्या उत्तरासाठी मुळात २ सेकंद वाट पाहते आणि मग ड्रायव्हर पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करते.

आता भिंतीकडे येऊ. गेल्या मे महिन्यात त्रिमूर्तीनगरच्या एका घरी मला बोलावले होते. संच जवळजवळ आपल्यासारखाच होता. त्या मुलाने एक गोष्ट फार चांगली केली होती: यंत्र बंद पडण्याच्या वेळा त्याने कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिल्या होत्या. बाहेर ४४ अंश असताना भर दुपारी तीन तास खेळूनही यंत्राला काही होत नसे आणि रात्री साडेआठनंतर, हवा उतरल्यावर, ते हमखास बंद पडे. दोष उष्णतेचा असता तर गणित उलटे असायला हवे होते. दुपारी सॉकेटवर २२६ व्होल्ट मिळत होते. रात्री वस्तीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू झाले, तसे मीटरवर १८१ दिसले आणि आमच्या डोळ्यांदेखत १७५ पर्यंत खाली आले. मग यूपीएसमध्ये ‘टक्’ झाले, त्याने भार बॅटरीवर घेतला, आणि तीन वर्षांच्या त्या थकलेल्या बॅटरीने चार सेकंदांत मान टाकली. मॉनिटर, राउटर, कॅबिनेट, सगळे एकदम अंधारात. यूपीएस ज्या एक्स्टेंशन बोर्डात लावला होता, त्याच बोर्डावर घरचा कूलरही होता. प्लग काढून पाहिला तर एक पिन तपकिरी पडलेली होती आणि बोर्डातल्या पितळी पट्टीची पकड इतकी सैल झाली होती की प्लग बोटाने हलवला तरी हलत होता. त्या घरात आधीच एक एसएमपीएस बदलून झाला होता.

यामागचे गणित साधे आहे. ३०८० कार्डाची ठरलेली मर्यादा ३२० वॅट आहे, खेळात आपला प्रोसेसर साधारण ८० ते १०० वॅट घेतो, आणि मदरबोर्ड, रॅम, पंखे, ड्राइव्ह मिळून ५० धरले तर आतला भार ४७० वॅटच्या आसपास जातो. एसएमपीएसची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ५३५ वॅट ओढले जातात. मॉनिटर धरून ५७०. आपला यूपीएस ‘१ केव्हीए’चा असला तरी केव्हीए म्हणजे वॅट नव्हे. घरगुती १ केव्हीए यूपीएसवर बहुधा ६०० वॅटच लिहिलेले असते आणि ६०० व्हीएच्या छोट्या यूपीएसवर ३६०. म्हणजे नवा, ठणठणीत यूपीएससुद्धा आपल्या यंत्राखाली काठावरच उभा आहे. शिवाय व्होल्टेज उतरले की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी एसएमपीएस जास्त विद्युतप्रवाह ओढतो: ५३५ वॅटसाठी २२६ व्होल्टला साधारण २.४ अँपिअर लागतात, १८१ व्होल्टला ३ अँपिअर. सैल सॉकेट आणि जुना बोर्ड नेमके अशा वेळी तापतात.

म्हणून आपली पहिली चाचणी फुकटची आहे. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवून कॅबिनेटची केबल थेट भिंतीतल्या चांगल्या, घट्ट सॉकेटमध्ये लावा आणि दोन-तीन रात्री नेहमीच्याच वेळी खेळा. वादळी हवा असेल तेव्हा मात्र ही चाचणी करू नका. सॉकेटवरचे व्होल्टेज मोजायचे असेल तर ते काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि त्याच खेपेला अर्थिंगही तपासायला सांगा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग पोचत नाही असेच समजावे. विदर्भात उन्हाळ्यात जमीन सुकते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातला ओलावा गेला की तिचा रोध वाढतो. जुन्या घरांत त्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत, ते याचसाठी. नुसत्या अर्थिंगअभावी खेळ बंद पडतो असे मी म्हणणार नाही, पण माणसाच्या जिवासाठी ते आधी दुरुस्त झाले पाहिजे.

भिंतीवर लावूनही यंत्र बंद पडले, तर एसएमपीएसकडे या. ३०८० साठी ते बनवणाऱ्या एनव्हिडियाची स्वतःची शिफारस ७५० वॅटची आहे; आपल्याकडे ६५० आहे. वर केलेल्या ४७० वॅटच्या गणिताने ६५० पुरेसा वाटतो आणि सरासरी भारासाठी तो पुरतोही. अडचण सरासरीची नाही. या पिढीची कार्डे काही मिलिसेकंदांसाठी आपल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात, आणि त्याच क्षणी प्रोसेसरनेही जास्त वीज मागितली तर जुन्या किंवा साध्या एसएमपीएसची संरक्षक यंत्रणा तिला बिघाड समजून वीज तोडते. ही उसळी साध्या वॅटमीटरवर दिसत नाही, म्हणून मीटर ५३५ दाखवत असतानाही यंत्र बंद पडते. या अडचणीची दखल घेऊनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकात एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अपेक्षा घातली गेली.

बदलण्याआधी केबल पाहा. कार्डावर दोन किंवा तीन आठ-पिनी जोड असतील. त्यांतील दोन जोड एकाच केबलच्या दोन तोंडांनी भरलेले आहेत का? दुकानात जोडणी करताना केबल कमी दिसावी म्हणून असे सर्रास केले जाते. एका आठ-पिनी जोडाचे प्रमाण १५० वॅट आणि मदरबोर्डच्या खाचेतून मिळतात जास्तीत जास्त ७५ वॅट. तेव्हा ३२० वॅटच्या कार्डाचा उरलेला सगळा भार एका केबलवर टाकणे योग्य नाही. एसएमपीएसपासून प्रत्येक जोडासाठी स्वतंत्र केबल आणा, आणि जोड ‘खट्’ आवाज होईपर्यंत आत बसवा. दुसऱ्या ब्रँडच्या एसएमपीएसची केबल, ती बसली तरी, कधीही वापरू नका. एसएमपीएसकडील टोकाची पिनरचना वेगळी असते आणि कार्ड, ड्राइव्ह, मदरबोर्ड एका क्षणात जळू शकतात. केवळ केबल वेगळ्या करून बरी झालेली यंत्रे मी मोजायचे सोडून दिले आहे.

यानंतरची चाचणी सर्वांत उपयोगी आहे. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्राममध्ये कार्डाची पॉवर लिमिट (विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा आणि खेळाचे फ्रेम, म्हणजे दर सेकंदाला पडद्यावर येणारी चित्रे, ६० वर बांधा. एवढ्याने यंत्र आठ दिवस बंद पडले नाही, तर कार्डाची गणनाशक्ती ठीक आहे आणि त्रास विजेचा किंवा उष्णतेचा आहे. यांतला कोणता, हे ठरवण्यासाठी लिमिट परत १०० वर न्या, कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढा आणि समोर टेबलफॅन लावा. आता यंत्र टिकले तर उष्णता. तरीही पडले तर वीज. फ्रेम बांधण्याची सवय पुढेही ठेवा. २०२१ च्या जुलैमध्ये एका मोठ्या खेळाच्या चाचणी आवृत्तीत मेनूच्या पडद्यावर फ्रेमवर बंधन नसताना काही ३०९० कार्डे निकामी झाली होती. मेनू साधा दिसतो, पण कार्ड तिथेही जीव तोडून धावत असते.

उष्णतेबाबत नागपूरकराने एक हिशेब पाठ करावा: खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळजवळ तेवढेच आतल्या भागांचेही वाढते. डिसेंबरात खोली २२ अंशांवर असताना कार्ड ७० आणि त्याची मेमरी ९२ दाखवत असेल, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तेच कार्ड ८६ कडे आणि मेमरी १०८ कडे जाऊ लागते. ३०८० वरील जीडीडीआर६एक्स मेमरी ११० अंशांवर स्वतःचा वेग कमी करते. म्हणजे पुण्यातल्या किंवा परदेशातल्या एखाद्याने त्याच कॅबिनेटचे कौतुक केले, तरी ते आपल्या छताखालच्या खोलीला लागू पडतेच असे नाही. आपले कार्ड सेकंडहँड आहे, म्हणून मेमरीचे तापमान मी मुद्दाम पाहीन; क्रिप्टो मायनिंगमध्ये रात्रंदिवस चाललेल्या कार्डांचे थर्मल पॅड (मेमरीची उष्णता हीटसिंककडे नेणाऱ्या मऊ पट्ट्या) सुकून कडक होतात आणि कार्डाचे मुख्य तापमान ७५ दिसत असताना मेमरी मात्र भाजत असते. एचडब्ल्यूइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये ‘मेमरी जंक्शन’ (मेमरीचे तापमान) आणि ‘हॉट स्पॉट’ (कार्डाच्या चिपवरील सर्वांत तापलेली जागा) असे दोन आकडे दिसतील. हॉट स्पॉट मुख्य तापमानापेक्षा १० ते १५ अंशांनी जास्त असणे स्वाभाविक आहे. हा फरक ३० कडे गेला तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि पॅड बदलण्याची वेळ झाली.

प्रोसेसरच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या ५८००एक्स ची मर्यादा ९० अंश आहे. ती गाठली की प्रोसेसर प्रथम वेग कमी करतो, खेळ अडखळू लागतो. तो तडकाफडकी वीज तोडत नाही. म्हणून ८० अंश पाहून कूलिंगवर हजारो रुपये घालवू नका. ज्यांचे तापमान आपल्याला पडद्यावर दिसत नाही, त्या भागांची काळजी अधिक करा, आणि त्यात एसएमपीएस पहिला. स्वस्त एसएमपीएसची क्षमता थंड खोलीत मोजलेली असते. ४० अंशांची हवा आत ओढताना त्याच्याकडून पूर्ण ६५० वॅटची अपेक्षा धरता येत नाही.

आपल्याकडच्या घरांत कूलरचा वेगळा विचार करावा लागतो. मुले प्रेमाने कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवतात. त्या हवेबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरच्या जड पाण्यातले क्षार हीटसिंकच्या पात्यांवर पांढरे बसतात, आणि ओलसर धूळ तिथे वाळून नमद्यासारखी घट्ट होते. गेल्या उन्हाळ्यात उघडलेल्या एका कार्डात मला पंख्याखाली पातीच दिसेनात. ब्लोअरने काही हलले नाही, शेवटी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दीड तास बसावे लागले. कूलर असू द्या, पण कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वर ठेवा, आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसेल तर कूलर खोली थंड करत नाही, नुसती दमट करतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा आणि एसएमपीएस कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार राहतो.

आकडे वाचताना थोडा संयम हवा. ३० मे २०२४ रोजी आपल्याच शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश नोंदवले, देशभर बातमी झाली, आणि तो संवेदकाचा बिघाड असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. मदरबोर्डवरचे संवेदकही असेच असतात. एसएमपीएसकडून येणाऱ्या १२ व्होल्टच्या रेषेला वर-खाली ५ टक्के सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६, पण प्रोग्रामने १०.९ दाखवले म्हणून एसएमपीएस फेकू नका, चांगल्या मल्टिमीटरने खात्री करून घ्या. एकट्या आकड्यापेक्षा त्याची वाटचाल उपयोगी पडते. एचडब्ल्यूइन्फोमध्ये नोंदी फाइलमध्ये लिहिण्याची सोय चालू करा आणि खेळायला बसा. यंत्र मेले तरी शेवटच्या ओळी फाइलमध्ये राहतात. तापमान चढत चढत गेले आणि मग नोंद तुटली, की सपाट चालताना मध्येच तुटली, हे त्या ओळी सांगतात.

राहिली रॅम. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सोय) बंद करून ३६०० ऐवजी रॅमच्या मूळ वेगावर दोन दिवस चालवा, आणि एका रात्री रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रामच्या चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या. एकही चूक निघाली तरी ती मोठी समजा. प्रोसेसरचे व्होल्टेज कमी करून ठेवले असेल तर तेही मूळ स्थितीत आणा, कारण रायझनवर रीसेट होण्याचे ते नेहमीचे कारण आहे. मग ओसीसीटी या भार टाकून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये आधी फक्त प्रोसेसर, नंतर फक्त कार्ड आणि शेवटी दोघांवर एकत्र भार टाका, प्रत्येकी अर्धा तास. दोघे वेगवेगळे टिकले आणि एकत्र पडले, तर एसएमपीएसवरचा माझा संशय जवळजवळ पक्का होतो. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने घालणे आणि बायोस अद्ययावत करणे हे एका संध्याकाळचे काम आहे, तेही उरकून घ्या. हे वाचणाऱ्या कुणाकडे इंटेलचा १३व्या किंवा १४व्या पिढीचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर असेल आणि खेळ उघडताना ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश येत असेल, तर कार्डाला दोष देण्याआधी बायोस पाहावे. जादा व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर झिजत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम) सुधारला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली.

एवढे होऊनही दोष सापडला नाही, तर सीताबर्डीच्या बाजारात जाण्याआधी एखाद्या मित्राचा ८५० वॅटचा चांगला एसएमपीएस, त्याच्याच केबलसह, दोन दिवसांसाठी मागून आणा. त्यावर यंत्र टिकले तर तेवढाच भाग घ्या, आणि यूपीएस बदलताना केव्हीए न पाहता वॅट पाहा. आपल्या संचाला ९०० वॅटच्या आसपासचा, साइन वेव्ह (भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर) देणारा यूपीएस लागेल. टिकले नाही, तर कार्ड मित्राच्या यंत्रात लावा. तिथेही त्याच प्रकारे पडदा काळा झाला, तर दुकानदाराचे म्हणणे खरे ठरेल. त्या वेळीही नवे कार्ड घेण्याआधी जुन्याचे पॅड आणि पेस्ट बदलून एकदा पाहा, कारण त्याचा खर्च कार्डाच्या किमतीपुढे फार थोडा आहे.